सनदेलाही जाब विचारता येतो

वर्धा जिल्ह्यात सेलू, आर्वी तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. पवनारपासून शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली. जमीन संपादनात गेली की अनेकांना वाढीव मोबदल्यासाठी भांडावं लागतं. अशा वेळी ‘आत्ता काही देऊ नका, पैसा आला की इतके टक्के द्या’ हा सौदा हात रिकामा असलेल्या शेतकऱ्याला सोयीचा वाटतो. पण वकिलाला असा सौदा करताच येत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला आणि दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला मनाई आहे. रकमेत वकिलाचाच हिस्सा अडकला, तर तडजोड करायची की लढायचं, हा सल्ला निखळ राहत नाही. मुंबईच्या एका वकिलाने वसुलीत निम्मा हिस्सा घेण्याचा करार केला होता. उच्च न्यायालयाने त्याची वकिली सहा महिने बंद केली आणि 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते गैरवर्तनच मानलं.

दाद कुठे मागायची?

वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2024 रोजी दिला. फसवणूक झाली असेल तर पोलिस आहेत, पैसे परत हवे असतील तर दिवाणी दावा आहे. वकिलीच्या परवान्याबाबतचा, म्हणजे सनदेबाबतचा निर्णय मात्र मुंबईच्या बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे असतो.

1961 च्या अधिवक्ता कायद्याचं कलम 35 हा या निर्णयामागच्या चौकशीचा पाया. तक्रार आली की गैरवर्तन झाल्याचं मानायला सकृद्दर्शनी कारण आहे का, हे कौन्सिल आधी पाहतं. असेल तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. वकिलाला नोटीस निघते आणि बाजू मांडण्याची संधी मिळते. साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवणं याबाबत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. शेवटी समिती तक्रार फेटाळते, समज देते, ठरावीक काळ वकिली बंद करते किंवा नाव पटावरून काढून टाकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. समितीच्या निकालावरचं अपीलही 60 दिवसांत तिथेच करायचं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय.

गैरवर्तन कशाला म्हणायचं?

खटला हरणं हे गैरवर्तन नाही. अशिलाच्या पैशाचा हिशेब न देणं हे आहे. फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केलं.

पुण्याच्या दास्ताने प्रकरणात साक्षीदार कोर्टात हजर असतानाही समोरच्या बाजूचे वकील तारखा मागत राहिले. राज्य कौन्सिलने दास्ताने यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती शिस्तपालन समितीकडे पाठवायला लावली आणि साक्षीदारांना असं ताटकळत ठेवणं हे गैरवर्तनच असल्याचं बजावलं. उलट बाजूने, समोरच्या पक्षाच्या वकिलाला छळण्यासाठी केलेल्या तक्रारींची गय करू नये, असंही याच न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये सुनावलं. वकिलावर राग आहे म्हणून तक्रार उभी राहत नाही. त्यासाठी तारखा, पावत्या, कागद लागतात.

काय कळवायचं, काय नाही?

पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिलाने ते कौन्सिलला कळवून वकिली थांबवायची असते. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं मात्र त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नसतं; भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 132 तेच सांगतं. बेकायदा हेतूने झालेल्या बोलण्याला हे संरक्षण नाही. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना त्यांच्या पीठाने ऑक्टोबर 2025 मध्ये तपास यंत्रणांना बजावलं, की कायद्यातल्या अपवादांत बसत नसेल तर अशिलाची माहिती काढण्यासाठी वकिलाला समन्स धाडू नका.

गुपित राखायचं आणि खोटेपणाला साथही द्यायची नाही, हे एकाच वेळी कसं जमवायचं? 1936 मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या वकिलीत ते करून दाखवलं होतं. त्यांचे अशील आणि मित्र पारशी रुस्तमजी जकात चुकवल्याच्या प्रकरणात अडकले. गांधीजींनी परस्पर चुगली केली नाही, बचावाची खोटी गोष्टही रचली नाही. अधिकाऱ्यांपुढे स्वतःहून कबुली द्यायला त्यांनी रुस्तमजींनाच राजी केलं. चुकवलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर प्रकरण मिटलं आणि रुस्तमजींनी ती सारी हकीकत चौकटीत घालून आपल्या कचेरीत लावली.

सहकाऱ्याचं गैरवर्तन कळवलंच पाहिजे, अशी सक्ती अधिवक्ता कायद्यात नाही. इंग्लंडमधल्या सॉलिसिटरांवर गंभीर गैरवर्तन कळवण्याचं बंधन आहे. पण आपल्याकडेही तक्रारीची वाट न पाहता कौन्सिल स्वतःहून पाऊल उचलू शकतं. म्हणून वकील संघांनी गप्प न बसता अशा गोष्टी कौन्सिलच्या कानावर घालाव्यात.

कौन्सिल जिथे आहे ती मुंबई वर्ध्याहून साडेसातशे किलोमीटर लांब आहे. आपल्याला तक्रार करता येते, हेच पक्षकाराला ठाऊक नसेल तर कलम 35 कागदावरच राहतं. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या न्यायालयांत ही माहिती सोप्या मराठीत लावायला हवी. वकील संघ आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ते मनावर घ्यावं. पक्षकारानेही वकीलपत्रावर सही करतानाच फी लिहून घ्यावी, दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागावी. चोख वकिलाला याचा राग येत नाही. त्याची सचोटीही याच पावत्यांवरून सिद्ध होते.