गंज, तेल आणि मीठ

मराठीत लोखंडावर गंज ‘चढतो’. क्रियापद सोयीचे खरे, परंतु फसवे. धूळ बसावी तसा गंज बाहेरून येऊन बसत नाही. पाणी व प्राणवायू यांच्या योगाने लोखंडाचाच पृष्ठभाग पालटून गंज होतो, आणि गेलेला पृष्ठभाग पुसून परत मिळत नाही. रायफलीच्या बाबतीत ही हानी विशेष होय. कारण नळीच्या आतील पेचदार खाचांवरच गोळीचा नेम अवलंबून असतो.

दीर्घकाळ ठेवावयाच्या बंदुकीस तेल चोपडले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. त्यातील उणीव .३०३ ली-एनफील्ड रायफलीवरून स्पष्ट होते. ही रायफल ब्रिटिश फौजेत व पुढे भारतीय पोलीस दलांत, महाराष्ट्रातही, अनेक दशके वापरात होती. तिच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडताच त्यातील प्राणवायू निघून जाई आणि पोटॅशियम क्लोराइड हे मिठाच्या जातीचे लवण नळीत चिकटून राही. हे लवण पाण्यात विरघळते, तेलात नाही. साहजिकच तेलाच्या थराखाली ते जसेच्या तसे राहते, आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की हवेतील ओलावा शोषून पाझरू लागते. कोकणच्या पावसाळ्यात ही मर्यादा ओलांडणे नित्याचेच आहे.

धूरविरहित दारूतील आम्ल पोलादात मुरून मागाहून घामासारखे बाहेर येते, असे पूर्वी मानीत. खरे कारण हे लवण होय, हे अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील हफ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. ब्रिटिश फौजेत नळीतून उकळते पाणी ओतण्याचा प्रघात होता. पाणी लवण धुऊन नेते आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होते, तेल त्यानंतर. गंज टाळण्यासाठी प्रथम पाणी, हे ऐकावयास विपरीत वाटते एवढेच.

हाताच्या घामातही मीठ असतेच. म्हणून हाताळलेले शस्त्र पुसल्यावाचून ठेवू नये. चामड्याचे म्यान ओल धरते, ते साठवणीस अयोग्य. वर्षानुवर्षांसाठी पातळ तेलापेक्षा घट्ट ग्रीज बरे. अमेरिकन सैन्य याकरिता कॉस्मोलिन वापरीत असे. बंद पेटीत सिलिका जेल ठेवल्यास आर्द्रता आटोक्यात राहते, मात्र ते वेळोवेळी तापवून सुकवावे लागते. बंदूक उभी ठेवावयाची असल्यास नळीचे तोंड खाली असावे, म्हणजे तेल झिरपून लाकडी दस्ता नासत नाही. पुन्हा वापरण्यापूर्वी नळीतील ग्रीज पूर्णपणे काढणे अत्यावश्यक आहे. गोळीच्या वाटेत अडथळा राहिल्यास नळी फुटू शकते.