वाळूचा एक कण आणि पाण्याखालचा मेटल डिटेक्टर

फ्लोरिडाजवळ १६२२ साली बुडालेल्या ‘अटोचा’ या स्पॅनिश जहाजाचा मुख्य साठा मेल फिशर यांच्या पाणबुड्यांना १९८५ साली सापडला. त्या शोधात मेटल डिटेक्टरही कामी आले. अशी यंत्रे दणकट दिसतात, पण त्यांची सगळी भिस्त एका रबरी कडीवर, म्हणजे ओ-रिंगवर असते. तिच्याखाली वाळूचा कण किंवा केस अडकला, तरी पाण्याला वाट मिळते.

दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. मात्र, गुडघाभर पाण्यातही यंत्र बिघडू शकते. उन्हात तापलेले यंत्र थेट थंड पाण्यात घातले, की आतली हवा आकसते, आतला दाब घटतो आणि सैल सीलमधून पाणी ओढले जाते. म्हणून ते आधी सावलीत निवू द्यावे.

समुद्रातून बाहेर आल्यावर यंत्र लगेच गोड्या पाण्याने धुवावे. मीठ सुकून खडे झाले, की सांधे आणि बटणे घासली जातात. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर चढतो. कॉइलच्या आवरणात साचलेली वाळूही काढावी. केबल करकचून गुंडाळू नये. ती बहुधा जोडापाशीच तुटते.

ओ-रिंगला उत्पादकाने सांगितलेले ग्रीसच, तेही अगदी पुसट लावावे. पेट्रोलियम जेली काही रबरांना फुगवते. कडी चिरली किंवा चपटी झाली, तर लगेच बदलावी. महागड्या यंत्रातला हा सर्वांत स्वस्त भाग आहे. तिथे काटकसर करू नका.