उन्हाळ्यात तान्ह्याला पाणी? आधी बाळंतिणीला द्या

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या खोलीत तेव्हा एक विषय हमखास निघतो. बाळ किरकिरतं, त्याचे ओठ कोरडे दिसतात, उचकी लागते. मग आजी म्हणते, "अगं, केवढासा जीव तो! घसा सुकला असेल. दोन चमचे पाणी पाज ना."

आजीची माया खरी आणि तिची भीतीही निराधार नाही. नवजात बाळाच्या वजनात सुमारे ७५ टक्के पाणी असतं, वर्षाच्या मुलात साधारण ६० टक्के. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठी, श्वासाचा वेग जास्त, त्यामुळे अंगातलं पाणी उडून जाणंही जास्त. पहिल्या काही महिन्यांत बाळाला दिवसाला किलोमागे सुमारे १५० मिलीलीटर द्रव लागतो. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर रोजचे ९ लीटर होतील! तान्हं मूल लवकर सुकतं, हे शास्त्रालाही मान्य आहे. गफलत होते ती उपायात.

आईच्या दुधात ८७ ते ८८ टक्के पाणीच असतं. ५ किलोचं बाळ दिवसभरात ७५० मिलीलीटर दूध प्यायलं, तर त्यातून साडेसहाशे मिलीलीटर पाणी पोटात गेलेलं असतं. पण नुसत्या मापापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. शरीरातला कचरा लघवीवाटे बाहेर टाकायला पाणी खर्ची पडतं. मोठ्या माणसाची मूत्रपिंडं थोड्या पाण्यात पुष्कळ कचरा बाहेर काढतात. नवजात बाळाच्या मूत्रपिंडांना लघवी त्याच्या जेमतेम निम्मी दाट करता येते. म्हणजे तेवढ्याच कचऱ्याला त्यांना पाणी जास्त लागणार. आईचं दूध नेमकं इथे सोयीचं पडतं. १०० मिलीलीटर दुधात प्रथिनं अवघी एक ग्रॅमच्या आसपास, आणि सोडियम गाईच्या दुधाच्या साधारण एक तृतीयांश. कचराच कमी तयार होतो, म्हणून घामासाठी आणि श्वासासाठी पाणी शिल्लक राहतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध अधिक पातळ असतं. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं आणि वारंवार पितं, ते भूक वाढली म्हणून नव्हे. ते आपली तहान भागवत असतं. उचकीचा मात्र तहानेशी काहीच संबंध नाही, ती आपोआप थांबते.

हे कागदावर ठीक आहे, पण आपल्याकडच्या उन्हात टिकतं का? दिल्लीतले बालरोगतज्ज्ञ एच. पी. एस. सचदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न ऐन उन्हाळ्यात तपासून पाहिला. काही बाळांना फक्त अंगावरचं दूध, काहींना त्यासोबत पाणी. १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासात लघवीचं प्रमाण, तिचा दाटपणा, अंगाचं तापमान, वजन यांपैकी कशातही दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो एकाच ठिकाणी: पाणी मिळालेली बाळं दूध कमी प्यायली. दोन चमचे पाण्याने कुठे काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षावर जरूर विचार करावा. एवढ्याशा पोटात पाण्याने जागा घेतली की ती दुधातूनच कमी होते. बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की आईला दूधही कमी येऊ लागतं.

दुसरा धोका जंतूंचा. पेरू आणि फिलिपिन्समधल्या अभ्यासांत आईच्या दुधाबरोबर नुसतं पाणी किंवा चहासारखं पेय मिळणाऱ्या लहान बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण दुप्पट आणि त्याहूनही जास्त दिसलं. पाणी उकळलेलं असलं तरी वाटी, चमचा, बोंडलं आणि हात उकळलेले नसतात. सहाणेवर उगाळलेल्या गुटीलाही हेच लागू आहे. त्यात मध असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमचा धोका, तो वेगळाच.

तिसरा धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो. पाणी फार झालं की बाळाचं मूत्रपिंड ते वेळेत बाहेर टाकू शकत नाही. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूच्या पेशी फुगतात, अंग गार पडतं, झटके येतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बाटलीबंद पाणी पाजलेल्या बाळांना असे झटके आल्याची नोंद आहे. पावडरचं दूध पुरवून वापरायचं म्हणून त्यात जास्तीचं पाणी घालणं याच कारणाने घातक आहे. डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत पाळावं. वरच्या दुधावरच्या बाळाला उन्हाळ्यात वेगळं पाणी द्यायचं का, हे बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावं.

दूध पुरेसं मिळतंय का, हे लघवीवरून कळतं. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, वजन वाढत असेल, तर निर्धास्त राहावं. लघवी कमी झाली, टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडून पाजायला उठेना, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. दूध न मिळाल्याने सुकलेल्या नवजात बाळाच्या रक्तात सोडियम बरेचदा वाढलेलं असतं. ते घाईने उतरवलं तर मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून घरी पाणी पाजून वाट पाहणं हा त्यावर इलाज नव्हे. जुलाब लागले तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही जलसंजीवनी चालते, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, आणि अंगावर पाजणं चालू ठेवूनच.

मला जास्त वाईट वाटतं ते बाळंतिणीबद्दल. पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल, अशी कारणं सांगून कित्येक घरांत तिला पाणी मोजून देतात, तेही बंद खोलीत, शेकशेगडीजवळ, मे महिन्यात. भरपूर पाणी प्यायल्याने दूध वाढतं असं नाही. पण दूध बनवण्यात तिच्या अंगातलं रोज अर्धा-पाऊण लीटर पाणी जातं आणि तिलाही घाम येतोच. पाजायला बसली की तिच्या हाताशी तांब्या-भांडं असावं, आणि तिला लागेल तेवढं पाणी न विचारता मिळावं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २००१ पासूनचा आहे. त्याआधी चार ते सहा महिने म्हणत असत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या सहा महिन्यांखालच्या सुमारे ६४ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत होतं. म्हणजे तीनातल्या एकाहून अधिक बाळांच्या तोंडात पाणी किंवा दुसरं काही जात होतं.

सहा महिने झाले, उष्टावण झालं, की पाण्याची वेळ आली. भाताची पेज, वरण, नाचणीची खीर अंगावरच्या दुधापेक्षा घट्ट असते, म्हणून घासांबरोबर दोन-दोन घोट पाणी द्यावं. वर्षाचं होईपर्यंत दिवसाला १२० ते २४० मिलीलीटर पुरतं. पाणी उकळून गार केलेलं असावं, आणि बाटलीने न देता स्वच्छ धुतलेल्या वाटीने किंवा छोट्या पेल्याने पाजावं.