औद्योगिक प्रदेश आणि शहरे

भारतात कारखाने सर्वत्र सारखे पसरलेले नाहीत. ते काही प्रदेशांत एकवटले आहेत. कच्चा माल, इंधन, मनुष्यबळ, वाहतूक आणि बाजारपेठ जेथे सुलभ असतात, तेथे उद्योग स्थिरावतो व त्याच्याभोवती शहर वाढते. परंतु ही अनुकूलता कायम टिकतेच असे नाही.

मुंबईला नैसर्गिक बंदर, धागा तुटू न देणारी दमट हवा आणि पाठीमागच्या प्रदेशात पिकणारा कापूस लाभला. १८५४ साली येथे कापडगिरणी स्थापन झाली. पुढे कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांमुळे गिरणगाव वसले. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले; त्यानंतर हळूहळू बहुतेक गिरण्या बंद पडल्या. तरीही व्यापार, बँका आणि शेअर बाजार यांच्या बळावर मुंबई देशाची आर्थिक राजधानी राहिली.

कोलकात्याजवळ हुगळीच्या काठी तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १९४७ च्या फाळणीत ताग पिकवणारी बहुतांश जमीन पूर्व पाकिस्तानात गेली, गिरण्या मात्र भारतात राहिल्या. एका सीमारेषेने शेत आणि कारखाना यांची ताटातूट केली.

छोटा नागपूरचे पठार खनिजांनी समृद्ध आहे. जवळचे लोहखनिज, झरियाचा कोळसा आणि सुवर्णरेखा व खरकई नद्यांचे पाणी यांमुळे जमशेदपूर हे पोलादाचे शहर झाले. परंतु स्वातंत्र्यानंतर सरकारने वाहतूक खर्चाच्या समानीकरणाचे धोरण स्वीकारले. त्यानुसार पोलाद देशात कोठेही जवळपास सारख्याच दराने मिळू लागले. सर्व राज्यांत उद्योग वाढावेत, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात खाणीजवळ कारखाना काढण्याचा लाभ उरला नाही. पोलादापासून वस्तू बनवणारे अनेक उद्योग पश्चिम व दक्षिण भारतात बंदरे आणि बाजारपेठांजवळ वाढले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे धोरण मागे घेण्यात आले, तोवर सुमारे चार दशके लोटली होती. ज्या भूमीतून खनिज निघते, तेथील असंख्य तरुण आजही रोजगारासाठी दूरच्या शहरांकडे जातात.

बंगळूरची वाट वेगळी आहे. संगणक उद्योगाला खाण किंवा बंदर लागत नाही. शिक्षित मनुष्यबळ लागते. १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या संस्थांनी त्याचा पाया आधीच घातला होता.

यावरून स्पष्ट होते की, निसर्ग प्रदेशाला संधी देतो. पण त्या संधीचा लाभ कोणाला मिळेल, हे माणसांचे निर्णय ठरवतात.