घाई लाल रंगाची!

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मॉलच्या फ्रूट सेक्शनमध्ये स्ट्रॉबेरीचा पहिला पनेट अवतरतो. सीझनच्या आधीच हजर झालेल्या या लालबुंद पाहुण्यामागचा फंडा काय?

ऑफिसच्या ग्रुपचा महाबळेश्वर प्लॅन साधारण डिसेंबरात शिजतो. वेण्णा लेकवर बोटिंग, टेबल लॅण्डवर घोडा, स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि परतताना डिकीत दोन पेट्या. वीकेण्ड सुफळ संपूर्ण! पण तुम्ही घाट चढून पोचता तेव्हा स्ट्रॉबेरीवाल्याची मॅच अर्धी होऊन गेलेली असते. त्याचा टॉस उडतो भर पावसाळ्यात.

व्हिलन : पाऊस

देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातून येते. २०१० मध्ये या स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. थंड हवा, निचऱ्याची लाल माती, सगळं कसं फिट्ट. प्रॉब्लेम एकच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि स्ट्रॉबेरीला ओले पाय अजिबात खपत नाहीत. मुळांशी पाणी साचलं की ती कुजतात. पानं, फुलं ओली राहिली की बुरशी आलीच म्हणून समजा.

म्हणून इथला नेहमीचा रिवाज असा : पावसाळ्याच्या तोंडावर परदेशातून मातृरोपं आणायची, त्यांच्या रनरपासून नवी रोपं करायची आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर लावायची. खाली ठिबक, वर मल्चिंगचा प्लॅस्टिक पेपर. साधारण दोन महिन्यांनी पहिला तोडा. पण मग सगळ्यांचाच माल एकदम मार्केटमध्ये येतो. आवक वाढली की भाव उतरतो, हे सांगायला एमबीए लागत नाही.

छपराखालची शर्यत

इथे एण्ट्री होते छोट्या पॉलिहाऊसची. पाच-दहा गुंठ्यांवर लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद, बाजूला गुंडाळता येणारे पडदे. छप्पर असलं की पाऊस थांबायची वाट बघावी लागत नाही. लागवड काही आठवडे आधी उरकते, परतीच्या पावसात फुलं झडत नाहीत. जोडीला ‘विंटर डॉन’सारखी लवकर फळणारी, मूळची फ्लोरिडाची जात. मग खुल्या शेतातला माल यायच्या आत छपराखालचा तोडा सुरू होतो. खरी कमाई याच मधल्या थोड्या आठवड्यांची!

गंमत बघा. जगात बहुतेक ठिकाणी ग्रीनहाऊस म्हणजे पिकाचं स्वेटर. जपानमध्ये ख्रिसमसच्या केकवर स्ट्रॉबेरी हवीच. आता खरं तर ती उघड्यावर वसंतात पिकणारी. मग तिथले शेतकरी कोवळ्या रोपांना मुद्दाम गारवा देतात. रोपांना वाटतं हिवाळा आला, आणि ती कळ्या धरतात. पुढे प्लॅस्टिकच्या घरात हीटर लावून डिसेंबरात फळं काढायची. आपल्याकडे मात्र हीटरचा प्रश्नच नाही. आपलं ग्रीनहाऊस म्हणजे चक्क छत्री!

छत्रीचं भाडं

पण ही छत्री स्वस्त नाही, बॉस. सांगाडा, कागद, ठिबक मिळून खर्च लाखांत जातो. अनुदान असलं तरी आधी खिशात हात घालावाच लागतो. डोंगरावरचा वारा कागद फाडू शकतो. पावसाने उघडीप दिली की आत उकडतं, मग पडदे वर करा. सर आली की खाली करा. ही ड्युटी दिवसभर. शिवाय पडदे बंद असले की मधमाश्या आत येणार कशा? परागीभवन अर्धवट झालं की फळ वेडंवाकडं होतं आणि पनेटमध्ये त्याला जागा नसते. म्हणून काही जण मधमाश्यांची पेटीच आत ठेवतात.

एवढं करून ऑक्टोबर लांबला, ऊन तापलं की फुलं उशिरा येतात आणि छपराखालची स्ट्रॉबेरी उघड्यावरच्या स्ट्रॉबेरीबरोबरच बाजारात उतरते. खर्च दुप्पट, भाव सगळ्यांचाच. लवकरच्या पनेटची किंमत बघून आपल्या भुवया उंचावतात, पण त्यात हा सगळा जुगार धरलेला असतो.

मग घ्यायची की थांबायचं?

खरं सांगायचं तर गोडीसाठी थांबा. थंडीत फळ सावकाश पिकतं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीची स्ट्रॉबेरी जास्त गोड लागते. लवकरची घ्यायचीच असेल तर देठापर्यंत लाल झालेली निवडा. आंबा-केळ्यासारखी ती घरी ठेवून पिकत नाही. तोडल्यावर रंग गडद होईल, गोडी वाढणार नाही.

बाल्कनीतलं पॉलिहाऊस

- ऑक्टोबरात नर्सरीतून रोपं आणा. आठ इंची कुंडी, भरपूर शेणखत-कोकोपीट आणि खाली भोकं मस्ट.
- रोपाचा मधला कोंब मातीच्या वर राहू द्या. गाडला गेला तर कुजतो.
- रोज निदान सहा तास ऊन हवं. अवकाळी पाऊस आला की काठ्या रोवून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा, बाजू मोकळ्या ठेवा.
- दहाव्या मजल्यावर मधमाश्या येत नसतील, तर मऊ ब्रश फुलांवरून फिरवा.
- पुण्या-नाशिकची थंडी तिला मानवते. मुंबईकरांनी मात्र अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात.

एका कुंडीतून मूठभर फळं निघाली तरी खूप. आणि पुढच्या नोव्हेंबरात पनेटवरचा प्राइस टॅग वाचताना तो थोडा कमी टोचेल, गॅरण्टी!