लायका एम३ची खिडकी

लायका एम३ हा जर्मनीतल्या वेट्झलारचा कॅमेरा १९५४ साली आला. यात आपण लेन्समधून बघतच नाही, वरच्या खिडकीतून बघतो. मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो. त्यात समोरच्याचा डोळा दुहेरी दिसतो. लेन्सचं कडं हळूहळू फिरवायचं. दोन्ही डोळे एकावर एक बसले, की फोकस जुळला. अंतर मापायची याहून सुंदर रीत मला माहीत नाही.

५० मिमीची चौकट खिडकीत कायम दिसते; ९० किंवा १३५ मिमीची लेन्स चढवली, की तिचीही चौकट आपोआप उमटते. ३५ मिमीसाठी चष्मा लावलेली खास लेन्स, नाहीतर वर बसवायचा वेगळा व्ह्यूफाइंडर. प्रकाशमापकही वेगळाच. लेन्सची टोपी काढायची राहिली, तरी खिडकीत सगळं स्वच्छ दिसतं. फिल्म मात्र कोरी राहते.