मातीवाचून फुलणारी झाडे : घरी ऑर्किड वाढवताना

ऑर्किडच्या कुलात २५,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जाती जमिनीत नव्हे, तर मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात. सह्याद्रीत आंबा-फणसाच्या खोडांवर उन्हाळ्याच्या शेवटी गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लांब घोस सोडणारी सीतेची वेणी हे त्यांपैकीच एक. आसाम आणि अरुणाचल प्रदेश यांचे हेच राज्यपुष्प आहे. अशा झाडांना लोक सरसकट बांडगूळ समजतात, पण ते खरे नाही. बांडगूळ आश्रय देणाऱ्या झाडाच्या आतून रस शोषते. ऑर्किड फांदीचा केवळ आधार घेते. पाणी ते पावसातून आणि दवातून मिळवते, तर अन्नद्रव्ये सालीवर साचलेल्या पाचोळ्यातून.

या राहणीला साजेशी त्याची मुळे असतात. मूळ जाड दिसते ते बाहेरच्या मृत, सच्छिद्र पेशींच्या थरामुळे. हा थर पावसाचे पाणी क्षणात टिपतो आणि ते हळूहळू आतल्या जिवंत भागाकडे पोचवतो. कोरडे मूळ चंदेरी-पांढरे असते, भिजले की हिरवे होते. भिजणे आणि पुन्हा वाळणे हा क्रम मुळांना आवश्यक असतो. मातीत ती सतत ओली राहतात, हवा मिळत नाही आणि काही आठवड्यांत कुजतात. घरातील बहुतेक ऑर्किड मरतात ती पाण्याच्या टंचाईने नव्हे, अशा कुजण्याने.

झाडाची निवड

महाराष्ट्राच्या उष्ण हवेत नवख्या माणसासाठी सर्वांत भरवशाचे झाड म्हणजे डेंड्रोबियमचे संकरित वाण. त्याच्या जाड कांड्यांत पाणी आणि अन्न साठलेले असते, त्यामुळे थोडीफार हयगय ते सोसते. फॅलेनॉप्सिसची फुले दोन-तीन महिने टिकतात आणि त्याला कमी उजेड पुरतो, म्हणून फ्लॅटच्या खिडकीत ते चांगले रमते. कांड्या नसल्याने त्याच्याकडे साठा मात्र थोडा असतो. वांडाची मुळे उघडी लोंबतात. त्याला भरपूर उजेड आणि रोजचे पाणी लागते, म्हणून कोकणातल्या दमट हवेत ते अधिक खुलते. छोट्या पिवळ्या फुलांचे ऑन्सिडियमही सांभाळायला अवघड नाही. सिंबिडियमला फुलण्यासाठी थंड रात्री लागतात. सिक्कीमच्या डोंगरांत ते उत्तम येते. मुंबईत किंवा नागपुरात त्याचा आग्रह धरू नये.

कुंडी आणि भरण

कुंडीला तळाशी आणि बाजूंनीही भोके असावीत. ऑर्किडसाठी मिळणाऱ्या भोकाच्या मातीच्या कुंड्या, प्लॅस्टिकच्या जाळीदार कुंड्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या यांपैकी काहीही चालते. फॅलेनॉप्सिससाठी पारदर्शक कुंडी सोयीची, कारण मुळांचा रंग बाहेरूनच दिसतो. भरण म्हणून लोणारी कोळशाचे आणि विटांचे तुकडे, तसेच नारळाच्या सोडणांचे तुकडे वापरतात. सोडणांतले क्षार निघून जावेत म्हणून ती दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावीत. कोकोपीटचा भुसा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तो टाळावा. मॉसही पाणी धरते; कोरड्या हवेच्या भागात ते थोडे घालावे, किनारपट्टीवर जवळजवळ नकोच. कुंडी झाडाच्या मानाने लहानच हवी. मोठ्या कुंडीतील भरण लवकर वाळत नाही.

उजेड

कडक ऊन पाने भाजते, पण अंधाऱ्या कोपऱ्यात फुले येत नाहीत. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन फॅलेनॉप्सिसला योग्य ठरते. डेंड्रोबियमला पन्नास टक्के सावलीच्या शेडनेटखाली किंवा उजेडाच्या गॅलरीत ठेवावे. वांडाला याहूनही अधिक उजेड लागतो. पानांच्या रंगावरून अंदाज येतो. गर्द हिरवी, लुळी पाने म्हणजे उजेड कमी. पोपटी-हिरवी, ताठ पाने म्हणजे पुरेसा. पानांवर तांबूस किंवा पिवळी झाक आली आणि त्यापाठोपाठ कोरडे डाग पडले, तर ऊन जास्त होत आहे.

पाणी आणि दमटपणा

पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने वाळतात. तळातून निथळेपर्यंत भरपूर घालावे आणि भरण जवळजवळ वाळल्यावरच पुन्हा द्यावे. उन्हाळ्यात हे अंतर एक-दोन दिवसांचे, तर हिवाळ्यात चार-पाच दिवसांचे असू शकते. दिवस मोजण्यापेक्षा भरणात बोट घालून पाहणे अधिक खात्रीचे. टोपलीत टांगलेल्या वांडाची मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत रोज भिजवावीत. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नये, नाहीतर मधला कोंब कुजतो आणि त्याबरोबर झाडाची वाढ थांबते. बोअरवेलच्या जड पाण्यातील क्षारांचा मुळांवर पांढरा थर बसतो, म्हणून शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी वापरावे.

हवेत पन्नास टक्क्यांहून अधिक दमटपणा असणे चांगले. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो फारच उतरतो. तिथे खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ मात्र पाण्याला लागू नये. बरीच झाडे जवळजवळ ठेवल्यानेही त्यांच्याभोवती ओलावा टिकतो. दमटपणाबरोबर वारा खेळता नसेल, तर बुरशी वाढते.

खत

कोळसा-विटांत पोषण नसते, त्यामुळे खत बाहेरूनच द्यावे लागते. बाजारात सहज मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम विरघळवून वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा द्यावे. तीव्र खताने मुळांची टोके जळतात. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

ऋतूंनुसार काळजी

पावसाळ्यात झाडे जोमाने वाढतात आणि रोगही याच काळात पडतात. काही सरी लाभदायक असतात, पण दिवसचे दिवस चाललेल्या झडीत झाडे आडोशाला घ्यावीत. हिवाळ्यात पाणी आणि खत कमी करावे. रात्रीचा गारवा उपयोगी पडतो. काही आठवडे तापमान साधारण २५ अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, की फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा येतो. सतत बंद, उबदार खोलीत ठेवलेले झाड नुसती पाने काढत राहण्याचे हे एक कारण आहे.

कीड आणि रोग

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पानांच्या बेचक्यांत लपतात. थोडी असतील तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढता येतात. जास्त झाल्यास कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी. पावसाळ्यात गोगलगायी रात्री मुळांची कोवळी टोके आणि कळ्या खातात. त्या हाताने वेचणे हाच चांगला उपाय. पानावर पाणथळ, काळा, पसरणारा डाग दिसला तर तो भाग निरोगी पेशींपर्यंत निर्जंतुक पात्याने कापून टाकावा, जखमेवर बुरशीनाशक लावावे आणि झाड काही दिवस कोरडे ठेवावे.

फुले संपल्यावर

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल, तर खालच्या दोन-तीन पेरांवर कापल्यास त्यातून पुन्हा फुलोरा येऊ शकतो. झाड अशक्त असेल तर तो तळाशीच कापावा. डेंड्रोबियमच्या पाने गळालेल्या कांड्या मेलेल्या समजून कापू नयेत. त्यांतील साठ्यावर नवे कोंब पोसले जातात आणि काही वेळा त्यांच्यावर फुलेही येतात. दोनेक वर्षांनी भरण कुजून दाटले की नवी मुळे फुटू लागण्याच्या वेळी कुंडी बदलावी आणि मऊ, पोकळ झालेली मुळे छाटावीत.

खरेदी करताना

ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठा नसतो, म्हणून निसर्गात त्या विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतात. १९२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमात बुरशीशिवाय बिया रुजवल्या. पुढे ऊतीसंवर्धनाने एका रोपापासून हजारो रोपे होऊ लागली आणि आजची स्वस्त संकरित रोपे त्यातूनच आली. फुलांपेक्षा पाने ताठ आणि मुळे टणक आहेत का, हे पाहून रोप घ्यावे.

जंगलातून उपटलेले ऑर्किड मात्र विकत घेऊ नये. ते गॅलरीत क्वचितच तगते आणि जंगलात त्याची जागा भरून यायला वर्षे लागतात. निळा वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तर आंतरराष्ट्रीय व्यापारात संपूर्ण ऑर्किड कुलावर निर्बंध आहेत. रोपवाटिकेतले डेंड्रोबियम घेऊन सुरुवात करावी. त्याच्या मुळांची भिजण्या-वाळण्याची लय समजली, की बाकीची ऑर्किड सांभाळणे अवघड राहत नाही.